तारनाक्याचा प्रवासी आणि वैशाखी पौर्णिमा

सिकंदराबादच्या पूर्वांगाला तारनाका नावाची वस्ती आहे. हे नाव मराठी माणसाला फोड करून सांगावे लागत नाही. निजामाच्या अमदानीत या बाजूला आंब्याच्या बागा होत्या, त्यांना तारेचे कुंपण होते आणि येण्याजाण्याच्या वाटेवर नाका होता. त्या तारेवरून व नाक्यावरून वस्तीला हे नाव पडले, असे तेथील जुनी माणसे सांगतात. आज बागा राहिल्या नाहीत. रस्त्यावरून मेट्रोची गाडी धावते आणि भोवताली उस्मानिया विद्यापीठ, राष्ट्रीय पोषण संस्था, रासायनिक संशोधनाची मोठी प्रयोगशाळा अशी विद्येची ठाणी पसरली आहेत. तीर्थयात्रेला म्हणून तारनाक्यास कोणी येत नाही. येतो तो परीक्षेला, मुलाखतीला, संशोधनाच्या कामाला, किंवा मुलाला वसतिगृहात पोहोचवायला.

अशा कामाला नांदेडहून, लातुरातून किंवा पुण्याहून आलेला प्रवासी कधीकधी वैशाखी पौर्णिमेच्या दिवशीच तेथे अडकतो. केंद्र सरकारच्या संस्थांना त्या दिवशी सुटी असते. ज्याला भेटायचे तो भेटत नाही आणि परतीची गाडी रात्रीची असते. दिवस मोकळा पडला आणि तिथी तर बुद्धजयंतीची. तेव्हा जवळपास बुद्धाचे देऊळ आहे काय, असा प्रश्न तो साहजिकच करतो. त्यावर त्याला उत्तरेकडची, रेल्वेमार्गापलीकडची महेंद्र हिल्सची टेकडी दाखवण्यात येते. तेथे आनंद बुद्ध विहार आहे. हा विहार थेरवादी परंपरेतला आहे, म्हणजे सिंहल, ब्रह्मदेश व सयाम या देशांत पाली त्रिपिटकाच्या आधाराने चालत आलेल्या परंपरेतला. टेकडी चढून जाणाऱ्या या पाहुण्याला तेथे काय दिसेल, आणि जे दिसेल त्याचा अर्थ कसा लावावा, हे थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. कारण बहुतेक जण तेथे देवळाची सवय घेऊन जातात, आणि त्या सवयीमुळेच गोंधळतात.

पहिला गोंधळ नावाचा. देऊळ म्हणजे देवाचे घर. विहार म्हणजे राहण्याची जागा, आणि तीही भिक्षूंची. अजिंठ्याला गेलेल्या प्रत्येकाने हा फरक डोळ्यांनी पाहिलेला असतो: ज्या लेण्यात स्तूप आहे ते चैत्यगृह आणि ज्याच्या तिन्ही बाजूंना खोल्या कोरल्या आहेत तो विहार. पुढे विहारातच मागच्या भिंतीशी बुद्धमूर्ती आली आणि निवास व वंदनस्थान एका छपराखाली आले. तरीही मूळ कल्पना पुसली गेली नाही. मूर्तीपुढे दिवा लावला जातो, उदबत्ती लावली जाते, फुले वाहिली जातात. परंतु या फुलांच्या मोबदल्यात काही मागितले जात नाही. फुले वाहताना जे पाली वचन म्हणतात त्याचा आशय इतकाच की, हे फूल जसे कोमेजणार तसाच हा देहही जाणार आहे. नवस, कौल, अभिषेक यांना येथे जागा नाही. नवस फेडायला आलेल्या माणसाला हा मोठाच अडसर वाटतो. श्रद्धाळू सामान्य जन बौद्ध देशांतूनही मूर्तीपुढे मनातले गाऱ्हाणे घालतातच, हे खरे. मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखा आहे. परंतु विधी मात्र त्याला तसे शब्द पुरवत नाही.

दुसरा प्रश्न तिथीचा. पौर्णिमाच का? याचे उत्तर बुद्धचरित्राहूनही जुने आहे. विनयपिटकाच्या महावग्गात एक हकीकत दिली आहे. मगधाचा राजा बिंबिसार याच्या ध्यानात आले की, इतर पंथांचे परिव्राजक चतुर्दशी, पौर्णिमा-अमावस्या आणि अष्टमी या तिथींना एकत्र जमतात, लोक त्यांचे प्रवचन ऐकायला जातात आणि त्यांचे अनुयायी होतात. बौद्ध भिक्षूंनीही तसे करावे असे त्याने सुचवले आणि बुद्धाने ते मान्य केले. भिक्षू जमू लागले खरे, पण नुसतेच गप्प बसून राहू लागले. ऐकायला आलेले लोक चिडले. हे श्रमण तोंड मिटून बसलेल्या मुक्या जनावरांसारखे बसतात, मग जमतात तरी कशाला, अशी त्यांनी तक्रार केली. ती कानी गेल्यावर बुद्धाने त्या दिवशी भिक्षूंनी धर्म सांगावा अशी अनुज्ञा दिली. याच दिवसाला पालीत उपोसथ म्हणतात. म्हणजे या सणाच्या मुळाशी राजाची सूचना आहे, दुसऱ्या पंथांकडून घेतलेली तिथी आहे आणि लोकांची नाराजी आहे. दैवी साक्षात्कार नाही. आपल्या धर्मसंस्थेची एवढी साधी, किंचित विनोदी अशी जन्मकथा ग्रंथात जपून ठेवणाऱ्या भिक्षूंचे कौतुक करावे तेवढे थोडेच. टेकडीवरच्या विहारात आज प्रवचन होते ते त्या जुन्या तक्रारीला दिलेले उत्तर होय.

सर्व पौर्णिमांत वैशाखीचे महत्त्व विशेष. थेरवादी परंपरेप्रमाणे बुद्धाचा जन्म, त्याची संबोधी आणि त्याचे महापरिनिर्वाण या तिन्ही घटना याच तिथीला घडल्या. सर्व बौद्ध जग हे मानते असे मात्र नाही. जपानात जन्मोत्सव ८ एप्रिलला करतात. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संगलाही हा मतभेद आढळला होता. जन्माची तिथी कोणी वैशाख शुद्ध अष्टमी सांगतात, तर स्थविरपंथीय पौर्णिमा सांगतात, अशी नोंद त्याने केली आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९९९ साली वैशाखी पौर्णिमेला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली, त्यामुळे ही तिथी आता जगाच्या पंचांगात स्थिर झाल्यासारखी आहे.

आता प्रत्यक्ष दिवसाकडे वळू. थेरवादी विहारात सणाचा भर सकाळवर असतो, आणि त्याचे कारण भिक्षूंच्या जेवणात आहे. भिक्षूने माध्यान्हीनंतर घन अन्न घ्यायचे नाही हा नियम. म्हणून दान म्हणजे भिक्षूंना द्यावयाचे भोजन बाराच्या आत आटोपते. एक वाजता जाऊ, प्रसादही मिळेल, अशा हिशेबाने निघालेल्या प्रवाशाची फसगत होते. सकाळी लवकर पोहोचलेल्याला मात्र सर्व क्रम पाहायला मिळतो. बरेच उपासक पांढऱ्या वस्त्रांत येतात. पादत्राणे बाहेर काढून, मूर्तीकडे पाय होणार नाहीत अशा बेताने सतरंजीवर बसतात. प्रथम त्रिशरण, म्हणजे बुद्ध, धम्म व संघ यांना शरण जाणे; प्रत्येक वचन तीनदा. मग पंचशील. हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्य यांपासून दूर राहण्याचा हा संकल्प भिक्षू आधी उच्चारतो आणि बसलेले लोक मागोमाग म्हणतात. यात एक बारकावा आहे. ही देवाची आज्ञा नव्हे. ‘मी हा नियम स्वीकारतो’ अशी ती ज्याची त्याने घेतलेली जबाबदारी आहे. त्यामुळे भिक्षू ती कोणावर लादीत नाही. कोणी विनंती केली तरच देतो, आणि विधीचा प्रारंभच उपासकांच्या विनंतीने होतो.

वैशाखी पौर्णिमेला कित्येक जण पाचाऐवजी आठ शीले घेतात. त्यांत त्या दिवसापुरते ब्रह्मचर्य येते, माध्यान्हीनंतरचे जेवण सुटते, नाच-गाणी व हारगजरे सुटतात आणि उंच पलंगावर निजणेही सुटते. थोडक्यात, गृहस्थ एक दिवसापुरता भिक्षूच्या जवळपास जाऊन राहतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या संसारात परत येतो. एकादशी करणाऱ्या वारकऱ्याला यात परके वाटण्यासारखे काहीच नाही. फरक एवढाच की, येथे उपवासाचे पदार्थ नाहीत. दुपारनंतर पाणी किंवा सरबत घ्यायचे. साबूदाण्याची सोय कोणत्याही पिटकात नाही.

त्यानंतर परित्तपाठ होतो. परित्त म्हणजे रक्षण. पाण्याने भरलेले एक भांडे समोर ठेवतात, त्याला पांढरा दोरा गुंडाळून तो भिक्षूंच्या हातांतून नेतात, आणि मंगल, रतन व मेत्त ही तीन सुत्ते म्हणतात. पाठ संपल्यावर ते पाणी शिंपडतात आणि दोऱ्याचे तुकडे उपासकांच्या मनगटाला बांधतात. कठोर बुद्धिवाद्याला हा भाग खटकतो. परंतु या सुत्तांचा अर्थ पाहिला तर त्यांत ताइताची भाषा नाही. मंगल सुत्तात आईबापांची सेवा, बायकामुलांचा सांभाळ, निर्दोष उद्योग यांनाच मंगल म्हटले आहे, आणि मेत्त सुत्त सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्री शिकवते. दोरा बांधून घेणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते, हा वेगळा प्रश्न. शेवटी पुण्यानुमोदन. एका लहान भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाण्याची धार सोडीत जातात, ते भरून वाहू लागेपर्यंत, आणि आज घडलेले पुण्य आपल्या मृत आप्तांना मिळो असे म्हणतात. पितरांना तिलांजली देणाऱ्या समाजातून आलेल्या प्रवाशाला या पाण्याच्या धारेपाशी तरी अनोळखीपणा उरत नाही.

या सर्व विधीत मराठी माणसाला एक आश्चर्य भेटते. भोवतालचे लोक एकमेकांशी तेलुगूत बोलतात. क्वचित हिंदी, क्वचित इंग्रजी कानी पडते. पण त्रिशरण सुरू होताच, महाराष्ट्रातल्या बौद्ध घरातून आलेला प्रवासी एकदम तोंड उघडतो. कारण हे शब्द त्याला पाठ आहेत. आजीच्या तोंडून, लग्नात, नामकरणात, मर्तिकाच्या वेळीही त्याने ते ऐकलेले असतात. चालीत व उच्चारात थोडा फरक पडतो, पण शब्द तेच.

हे असे आपोआप घडलेले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मे १९५० मध्ये सिलोनला गेले ते जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने. परंतु बौद्ध जनतेचे आचारविधी प्रत्यक्ष पाहावेत हाही त्यांचा हेतू होता. पुढे ते ब्रह्मदेशात जाऊन आले, आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे त्यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आपल्या लोकांच्या हाती त्यांनी जो पूजापाठ दिला तो याच पाली वचनांचा होता. त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात पाली शब्दकोश व व्याकरण यांच्या जोडीला तो छापलेला आहे. मराठीत सुटसुटीत प्रार्थना रचून देणे त्यांना अवघड नव्हते. तरी त्यांनी पाली ठेवली, आणि तिचे फळ हे की, मराठवाड्यातला शेतमजूर कोलंबोच्या विहारातही आज मुका राहत नाही. अर्थ न कळता पाठ म्हणण्याची सवय लागली हा या निर्णयाचा तोटा, आणि तोही नाकारण्यात अर्थ नाही.

बाबासाहेबांचा आणि तारनाक्याच्या परिसराचा एक थेट संबंधही आहे. उस्मानिया विद्यापीठाने १२ जानेवारी १९५३ रोजी त्यांना डी. लिट्. ही सन्माननीय पदवी दिली. त्यानंतर सव्वातीन वर्षांनी, २४ मे १९५६ च्या वैशाखी पौर्णिमेला, बुद्धाच्या परिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे पूर्ण झाल्याचा उत्सव देशभर चालू असता, त्यांनी मुंबईच्या नरे पार्कवरून धर्मांतराचा निश्चय जाहीर केला आणि १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा घेतली. त्याच शरद ऋतूत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हैदराबाद संस्थानाचे त्रिभाजन होऊन मराठवाडा वेगळा झाला. तोवर औरंगाबाद, नांदेड, परभणीच्या मुलाला उच्च शिक्षणासाठी हैदराबाद हीच राजधानी होती. मराठवाड्यातील हजारो घरे बौद्ध झाली ती आणि हैदराबादशी असलेला राज्यसंबंध सुटला तो, असे हे दोन्ही बदल एकाच काळात घडले. म्हणून त्या घरांना नागपूरची वाट ठाऊक आहे, महेंद्र हिल्सची सहसा नाही.

विहारातून परतताना प्रवाशाने उस्मानियाच्या कला महाविद्यालयाची इमारत अवश्य पाहावी. बेल्जियन वास्तुविशारद अर्नेस्ट जॅस्पर याच्या आराखड्याची ही गुलाबी दगडाची वास्तू १९३९ साली खुली झाली. उंच मुसलमानी कमान पाहून आत शिरणारा खांबांपाशी थबकतो, कारण त्यांची घडण वेरूळ-अजिंठ्याची आहे. हा योगायोग नव्हे. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथील चित्रे वाचवण्यासाठी संस्थानाने १९२० च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ आणवले होते, आणि संस्थानाच्या पुराणवस्तु खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी त्या चित्रांवरचे चार खंडांचे प्रचंड काम १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध केले. मराठी मुलुखातल्या डोंगरातला खांब उर्दू माध्यमाच्या विद्यापीठात येऊन उभा राहिला तो असा.

परमुलुखात अचानक घरचे काही दिसले की काय होते, हे सांगणारी एक जुनी गोष्ट आहे. चिनी यात्रेकरू फाहिएन इ. स. ३९९ मध्ये घरून निघाला. पाटलिपुत्रात त्याने बौद्धांचा रथोत्सव पाहिला; बांबूंचे पाच मजली रथ, संख्येने वीसेक, त्यांत बसवलेल्या मूर्ती, रात्रभर दिवे आणि वाद्ये, आणि मूर्तींना नगरात येण्याचे आमंत्रण द्यायला आलेले ब्राह्मण. एवढ्या थाटामाटाचे त्याने केलेले वर्णन शांत आहे. पुढे तो सिंहलद्वीपात पोहोचला. सोबती काही वारले होते, काही मागे राहिले होते. अनुराधपूरच्या अभयगिरी विहारात हिरव्या पाचूसारख्या दगडाच्या बुद्धमूर्तीपुढे कोणा व्यापाऱ्याने वाहिलेला पांढऱ्या रेशमाचा पंखा त्याला दिसला. तो पंखा चीनमधला होता. त्या विरक्त भिक्षूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. बौद्ध उत्सवांची जी माहिती आज इतिहासाला आहे तिचा बराच मोठा भाग अशा परक्यांनी, वाटेवरच्या पाहुण्यांनी लिहून ठेवलेला आहे.

हैदराबादेत बौद्ध धर्म नवाच आला, अशी मात्र प्रवाशाने समजूत करून घेऊ नये. तारनाक्याच्या दक्षिणेस, मुसी नदीजवळ चैतन्यपुरी भागात एका खडकावर प्राकृत लेख सापडला आहे. इ. स. पाचव्या शतकाच्या सुमाराचा हा लेख शहरातला सर्वांत जुना मानला जातो, आणि त्यात गोविंदराज विहाराचा उल्लेख आहे. विष्णुकुंडी घराण्यातील गोविंदवर्मा राजाशी हा विहार जोडला जातो. गोवळकोंडा, चारमिनार, निजाम हे सर्व त्यानंतरचे. आता तेथे दाट वस्ती आहे आणि खडकाजवळ नरसिंहाचे देवस्थान आहे.

हुसेनसागराच्या मध्यभागी उभी असलेली अखंड दगडाची बुद्धमूर्ती सर्वांना ठाऊक आहे. ती सुमारे १८ मीटर उंच आहे. १९९० च्या मार्च महिन्यात ती तराफ्यावरून नेत असता तलावात बुडाली, काही माणसे प्राणास मुकली, आणि १९९२ च्या डिसेंबरात ती पुन्हा वर काढून उभी करण्यात आली. पौर्णिमेच्या संध्याकाळी तेथे गर्दी उसळते. ती पाहायला जाण्यास हरकत नाही. पण शील, परित्त आणि प्रवचन यांचा शोध तेथे घेऊ नये.

रात्री सिकंदराबादहून नांदेडकडे जाणारी गाडी निजामाबाद सोडल्यावर बासरपाशी गोदावरी ओलांडते. अंधारात पुलाचा आवाज तेवढा कळतो. निजामाबादपासून जवळच बोधन आहे, आणि प्राचीन अस्सक देशाची राजधानी पोतन ती हीच, असे अनेक विद्वान मानतात. सुत्तनिपाताच्या शेवटच्या वर्गात याच अस्सक देशातल्या गोदातीरावरील बावरी नावाच्या वृद्ध ब्राह्मणाची कथा आहे. उत्तरेत बुद्ध अवतरला आहे हे कळल्यावर त्याला स्वतः जाणे शक्य नव्हते. त्याने आपले सोळा शिष्य पाठवले. त्यांची वाट ग्रंथात मुक्काम-मुक्कामाने दिली आहे: प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण, मग माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, श्रावस्ती, कपिलवस्तू, वैशाली, आणि शेवटी मगध. तेथे भिक्षूंना धर्म सांगत बसलेला बुद्ध त्यांना दिसला, आणि कवीने त्याला पंधराव्या रात्रीच्या पूर्ण चंद्राची उपमा दिली आहे. सोळा जणांनी सोळा प्रश्न विचारले. त्यांतला पिंगिय म्हातारा होता. दृष्टी मंद झालेली, कान मंद झालेले. तो तेवढा गोदावरीकाठी परत आला आणि जे ऐकले ते त्याने बावरीला सांगितले. मग तू त्या बुद्धाला सोडून आलास तरी कसा, असे बावरीने विचारले. शरीर थकले म्हणून ते तिकडे जाऊ शकत नाही, पण मन क्षणभरही तेथून हललेले नाही, असे पिंगियाने त्याला सांगितले.